डॉक्टर डूमची फिगर घेताय? आधी हे बघा

व्हिलनची अ‍ॅक्शन फिगर (हातपाय हलवता येणारी छोटी मूर्ती) तपासणं हीरोपेक्षा अवघड असतं असं माझं मत आहे, हीरो थोडा इकडेतिकडे झाला तरी खपून जातो, पण व्हिलनचा सगळा दरारा चेहऱ्यात आणि झग्यात असतो आणि कंपन्या नेमके तिथेच पैसे वाचवतात. उदाहरण म्हणून डॉक्टर डूम घेऊ, मार्व्हल कॉमिक्समधल्या फँटास्टिक फोर या सुपरहीरोंच्या टीमचा १९६२ पासूनचा वैरी. लोखंडी मुखवटा, हिरवा अंगरखा, वर हुडवाला केप, म्हणजे जे जे बिघडू शकतं ते सगळं एकाच फिगरमध्ये. मी मार्व्हल लेजेंड्स या मालिकेतल्या सहा इंची फिगर डोळ्यासमोर ठेवून लिहितोय पण बाकीच्यांनाही हेच लागू होतं.

पहिला मुखवटा. ट्यूबलाइटखाली नको, दिवसा खिडकीपाशी नेऊन बघा. चंदेरी भाग दोन प्रकारे करतात, एक तर प्लास्टिकमध्येच चमक मिसळून ओततात नाहीतर वरून रंग मारतात. ओतलेल्यात कधीकधी मांडीवर, दंडावर चहात नुकतंच दूध घातल्यासारखे वळसे दिसतात, काही लोकांना त्याचं काही वाटत नाही, मला मात्र ते लगेच खटकतात. रंग मारलेला असेल तर खाचांमध्ये आणि रिव्हेटभोवती काळपट वॉश (पातळ रंगाचा हात) दिलाय का बघा, तो नसला की मुखवटा एकदम सपाट दिसतो आणि कितीही चांगला स्कल्प्ट (घडण) असला तरी फुकट जातो. मग डोळे. मुखवट्याच्या भोकांतून दिसणारे ते दोन ठिपके, आजकाल बऱ्याच फिगरवर ब्रशने न काढता छापतात, आणि छपाई अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी डूम तिरळा! दुकानात एकच फिगर तीन-चार नग लटकलेली असेल तर लाजू नका, सगळे उतरवून शेजारी शेजारी धरा आणि डोळे बघूनच निवडा. हिरवा रंग चंदेरीवर सांडलाय का, हुडची कडा स्वच्छ आहे का, दंडाच्या आतल्या बाजूला साच्याची रेघ किती उठून दिसते, हे बघायला एक मिनिट पुरतं.

दुसरं म्हणजे सांधे. इथे घाई करायची नाही. नवीन फिगरचा कोपर किंवा गुडघा रंगामुळे चिकटलेला असतो आणि आपण जोर लावला की आतला पेग (सांध्याची खुंटी) पिळून तुटतो, मग रडत बसायचं. हेअर ड्रायर किंवा गरम पाणी (उकळतं नाही, बोट जेमतेम बुडवता येईल इतपत) लावून थोडा वेळ थांबा आणि मग हळूच हलवा. पॅकिंगमध्ये वाकडा झालेला पाय किंवा बंदूक पण अशीच सरळ होते, गरम पाण्यात मऊ करायची, सरळ धरायची, लगेच थंड पाण्यात बुडवायची. डूमच्या बाबतीत खास बघायचं ते घोटे, कारण प्लास्टिकचा केप चांगला जड असतो आणि सगळं वजन मागे ओढतो. स्टँड न लावता रात्रभर उभा ठेवा, सकाळी उताणा पडलेला दिसला तर घोटे ढिले आहेत समजा. अंगरख्याचा खालचा घेर मऊ प्लास्टिकचा हवा, कडक असेल तर मांडीला कितीही जॉइंट दिले तरी डूम सिंहासनावर बसणार नाही, आणि सिंहासनावर न बसणारा डूम काय कामाचा.

केप कापडाचा असेल तर कापड किती पातळ आहे बघा. जाड कापड या साइजला फुगून उभं राहतं. काठ दुमडून शिवलेला असावा, नुसता कापून सोडलेला नको, दोरे निघतात. काठात तार असेल तर हवा तसा आकार देता येतो, पण तारेचं टोक कापडातून बाहेर आलेलं नाही ना ते बोट फिरवून तपासा.

आता डुप्लिकेट. परदेशी फिगर आपल्याकडे महाग पडतात, सरकारने २०२३ च्या बजेटमध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी ६० वरून ७० टक्के केली होती, त्यामुळे कोणी अर्ध्या किमतीत ‘ओरिजिनल, फक्त बॉक्स नाही’ म्हणालं की कान टवकारायचे. खऱ्या फिगरच्या तळपायाला, पाठीला किंवा मांडीच्या मागे कंपनीचं नाव आणि कॉपीराइटचा ठसा असतो, नकलीत तो पुसट असतो नाहीतर नसतोच. खऱ्या फिगरवरूनच साचा काढल्यामुळे नकली किंचित लहान भरते, रिव्हेट गोलसर होतात, चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या वाटतात. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून समोरचा फोटो मागून उपयोग नाही, तळपाय, पाठ आणि केप काढून मान, असे तीन फोटो मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या.

जुनी घेत असाल तर हिशोब वेगळा. १९८४ ची मॅटेल कंपनीच्या सीक्रेट वॉर्स मालिकेतली फिगर एका ढालीसोबत यायची, ढालीत हलवलं की बदलणारं चित्र असायचं, ती ढाल आणि चित्रं जागेवर आहेत का ते आधी विचारा, कारण सुटी मिळणारी ढाल पुष्कळदा नंतर बनवलेली असते. २००२ च्या टॉय बिझ कंपनीच्या मार्व्हल लेजेंड्समध्ये सोबत कॉमिक असायचं, तेही बघा. जुनं प्लास्टिक हाताला चिकट लागत असेल तर ते मऊ करायला घातलेलं रसायन बाहेर पडतंय, साबणाच्या पाण्याने धुतलं की थोडे दिवस बरं वाटतं पण परत येतं, त्यामुळे भाव पाडून मागा. सीलबंद असेल तर कार्डावरचा पारदर्शक प्लास्टिकचा फुगा पिवळा पडलाय का, कार्डापासून सुटतोय का, लटकवायचं भोक अजून पाडलेलं नाही ना हे बघतात, आणि एएफएसारख्या ग्रेडिंगवाल्यांचे (सीलबंद फिगरची अवस्था तपासून मार्क देणाऱ्या कंपन्यांचे) शंभरपैकी मार्क मिळालेल्या पेटीला भाव जास्त येतो. फक्त त्या पेटीतल्या डूमचे घोटे कसे आहेत हे मार्क सांगत नाहीत, त्यामुळे उघडून शेल्फवर पोज देऊन ठेवायची असेल तर ते जास्तीचे पैसे घालू नका, चांगली सुटी फिगर बघा.