परदेशी नोकरीपत्रातील पगार आधी तासावर आणून पाहावा

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका एजंटने माझ्या भाचीला ब्रिटनमधील रिसेप्शनिस्टच्या नोकरीचे, व्हिसासह वर्षाला २४,००० पौंडांचे पत्र दाखवले, तेव्हा त्याचे रुपये करून घरातले सगळेच हरखले.

अशा वेळी गुणाकाराआधी भागाकार करावा. वार्षिक पगाराला ५२ ने आणि आलेल्या आकड्याला आठवड्याच्या तासांनी भागावे. पत्रात ४० तास लिहिले होते, म्हणजे तासाला सुमारे ११.५४ पौंड पडत होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून २१ वर्षे व त्यापुढील कामगारांसाठी ठरलेला किमान दर मात्र १२.२१ पौंड होता. हा दर दर एप्रिलमध्ये बदलतो, म्हणून तेथील सरकारी संकेतस्थळावर ताजा आकडा पाहावा.

दर जुळला तरी थांबू नये. ब्रिटनमध्ये नोकरीसाठी मिळणाऱ्या ‘स्किल्ड वर्कर’ (कुशल कामगार) व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून सर्वसाधारण पगारमर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे आणि रिसेप्शनिस्टचे काम त्या व्हिसाच्या पात्र कामांत बसतच नाही. ‘ॲडमिन’ असे गोंडस नाव दिलेल्या पदाचा व्यवसाय-कोड, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी यादीत त्या कामाला दिलेला क्रमांक, म्हणूनच मागून घ्यावा.

एजंटची नोंदणी भारत सरकारच्या परदेशी नोकरीसाठीच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये व जीएसटी यांहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही.