बर्लिनची ‘फ्री’ वॉकिंग टूर : टिप किती द्यायची, छत्री कुठली शोधायची, कुठं चुकतं

‘फ्री वॉकिंग टूर’ या शब्दांचा अर्थ एवढाच : आधी तिकीट काढायचं नाही, शेवटी टिप द्यायची. दोन-अडीच तास गाइड शहर पायी दाखवतो आणि लोक जे हातावर ठेवतील तीच त्याची कमाई. या धंद्यातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीची सुरुवात २००४ मध्ये बर्लिनमध्येच झाली. आता युरोपातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात अशा टूर मिळतात. खर्च जपून फिरणाऱ्याला शहराची ओळख करून घ्यायला यापेक्षा चांगला मार्ग नाही, पण आतला हिशोब समजून घेऊन जा.

बऱ्याच ठिकाणी गाइडला पगार नसतो. उलट प्रत्येक माणसामागे ठरावीक रक्कम गाइडनंच कंपनीला किंवा बुकिंग साइटला द्यायची असते. सुरुवातीला सगळ्यांचा एकत्र फोटो काढतात तो पुष्कळदा डोकी मोजण्यासाठीच. समजा माणशी तीन युरो द्यायचे आहेत आणि गटात २५ जण आहेत. म्हणजे ७५ युरो गाइडच्या खिशातून जाणार हे तोंड उघडण्याआधीच ठरलेलं. अशा गाइडला दोन युरोचं नाणं दिलं तर तुम्हाला शहर दाखवण्यासाठी त्यानं पदरचा एक युरो घातला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून ही टिप हॉटेलातल्या बक्षिसीसारखी धरू नका. तो मेहनताना आहे, आणि सहलीचं बजेट मांडतानाच तो त्यात लिहून ठेवायचा.

बर्लिनसाठी माणशी १० ते १५ युरो हा रास्त आकडा. खरोखर पैशांची चणचण असलेल्या विद्यार्थ्यानं पाच दिले तरी गाइड समजून घेतो, त्याखाली जाऊ नये. दोन मोठे आणि दोन लहान मुलं असतील तर ३० युरो चांगले. मुलं लहान आहेत म्हणून ती मोजली जात नाहीत असं गृहीत धरू नका. किती वयापासून मोजतात हे बुकिंगच्या पानावर बघून घ्या.

पैसे रोख लागतात आणि सुट्टे लागतात. यूपीआय इथं उपयोगाचं नाही, आणि कार्डाचं मशीन सगळ्याच गाइडकडे नसतं. एटीएममधून बहुधा ५० च्या नोटा येतात, त्या आदल्या दिवशी सुपरमार्केटमध्ये मोडून घ्या. रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं बंद असतात (मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही सोडून), त्यामुळे रविवारच्या टूरची नोट शनिवारीच मोडलेली हवी. एटीएम बँकेचं निवडा. पर्यटकांच्या गर्दीत, बँकेचं नाव नसलेली जी यंत्रं असतात ती जास्त शुल्क लावतात. पडद्यावर ‘रुपयांत रूपांतर करून वजा करू का?’ असा प्रश्न आला तर नकार द्या आणि युरोतच व्यवहार करा. होकार दिलात तर यंत्रवाल्याचा महागडा दर लागतो.

बुकिंग

एक-दोन दिवस आधी ऑनलाइन नाव नोंदवा. पैसे लागत नाहीत, पण जाणं रद्द झालं तर नोंदणीही रद्द करायला विसरू नका. तुमच्यासाठी धरलेली जागा रिकामी राहिली तर नुकसान गाइडचं होतं. परीक्षणं वाचताना एकूण तारे बघण्यापेक्षा गेल्या महिन्या-दोन महिन्यांतली वाचा आणि त्यांत कुठल्या गाइडचं नाव पुन्हा पुन्हा येतं ते टिपून ठेवा. टूर कंपनीवर नव्हे, माणसावर चालते.

आपल्याकडची मंडळी दहा-बारा जणांच्या गटानं निघतात, तिथे हमखास अडचण येते. बऱ्याच कंपन्या सहा-आठ जणांपेक्षा मोठा गट फ्री टूरमध्ये घेत नाहीत. थेट जाऊन उभे राहिलात तर परत पाठवतात. दोघादोघांची वेगवेगळी नावं घालून एकाच टूरला घुसणं हा उपाय नव्हे. इतके जण असाल तर खासगी गाइड ठरवा. माणशी खर्च जवळपास तेवढाच पडतो आणि आजी-आजोबांच्या चालीनं चालता येतं.

वेळ निवडताना ऋतू बघा. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी दहा-अकराची टूर घ्या. उन्हाळ्यात दुपारची चालेल.

भेटायची जागा आणि वाट

मध्य बर्लिनच्या बऱ्याच टूर ब्रांडेनबुर्ग दरवाजासमोरच्या पारिझर प्लाट्झ या चौकातून निघतात. यू-बान (मेट्रो) आणि एस-बान (लोकल) दोन्हींचं स्टेशन खालीच आहे. कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि दंड ६० युरो. चौकात एकाच वेळी तीन-चार कंपन्या वेगवेगळ्या रंगांच्या छत्र्या घेऊन उभ्या असतात. सर्वांत जास्त चूक इथे होते : लोक पहिल्या दिसलेल्या छत्रीखाली जातात आणि स्पॅनिश टूरमध्ये किंवा दुसऱ्याच कंपनीच्या गटात सापडतात. पंधरा मिनिटं आधी पोचा, छत्रीचा रंग बुकिंगच्या मेलमध्ये बघा, आणि कंपनीचं नाव व भाषा तोंडी विचारून खात्री करून घ्या. गट ठरल्या वेळी निघतो, आणि पुढच्या गल्लीत त्याला शोधणं अवघड जातं.

वाट साधारण अशी असते : युरोपातल्या ज्यूंच्या हत्याकांडाचं स्मारक, हिटलरच्या बंकरची जागा, नाझींचं विमानदल मंत्रालय असलेली आणि आज अर्थमंत्रालय असलेली अजस्र इमारत, बर्लिन भिंतीचा उरलेला तुकडा, चेकपॉइंट चार्ली (पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधली जुनी सीमाचौकी), जेंडार्मेनमार्क्ट हा चौक आणि शेवटी बेबेलप्लाट्झ या चौकाच्या आसपास. साडेतीन-चार किलोमीटर. चढ नाही, पण काही ठिकाणी फरसबंदी दगडी आहे आणि उभं राहणं फार. पाय दुखतात ते उभं राहिल्यानंच, म्हणून जाड तळव्याचे बूट घाला.

स्मारकात २,७११ काँक्रीटचे ठोकळे आहेत, २००५ मध्ये ते खुलं झालं. ठोकळ्यांवर चढू नका, उड्या मारू नका, आणि मुलांना तिथे लपाछपी खेळू देऊ नका. ही कबरीसारखी जागा आहे, आणि गाइडला दरवेळी कुणालातरी हे सांगावं लागतं. बंकरच्या जागी आज रहिवासी इमारतींच्या मधली साधी गाड्यांची पार्किंग आणि एक माहितीफलक, बस. बघण्यासारखं काहीच नाही, म्हणूनच तिथे गाइड लागतो.

चेकपॉइंट चार्लीची चौकी ही नंतर उभी केलेली प्रतिकृती आहे. फोटोसाठी रांगेत वेळ घालवू नका. या भागात खिसेकापू असतात. गोलाकार उभं राहून ऐकताना पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

मध्ये पंधरा-वीस मिनिटांची सुट्टी असते, बहुधा एखाद्या कॅफेपाशी. तिथे काही घेतलंच पाहिजे असं नाही, पण स्वच्छतागृह वापरायचं असेल तर अर्धा-एक युरोची नाणी जवळ ठेवा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, बाटली राहत्या ठिकाणाहून भरून आणा. प्लास्टिकची बाटली विकत घेतलीच तर फेकू नका : तिच्या किमतीत २५ सेंटची ठेव असते आणि सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की परत मिळते.

मधूनच निघायचं असेल तर याच सुट्टीत गाइडला सांगा आणि टिप देऊन निघा; गुपचूप सटकू नका. इंग्रजी बोलणं वेगवान वाटलं तर पुढे, गाइडच्या अगदी शेजारी उभे राहा. मागे राहिलेल्यांना रहदारीत निम्मं ऐकू येत नाही आणि मग टूर कंटाळवाणी वाटते.

शेवटी गाइड दुसऱ्या, पैसे भरून करायच्या टूरची माहिती देईल. नको असेल तर हसून नाही म्हणा. टिप घडी करून हातात द्या, तेव्हाच जेवणाची चांगली स्वस्त जागा विचारून घ्या. कमीत कमी अमुक रक्कम द्याच असं कुणी दरडावलं तर मात्र ती फ्री टूर नव्हे. तुम्हाला योग्य वाटेल ते द्या आणि परीक्षणात तसं लिहा.

दुसऱ्या शहरांत हेच करताना

प्रागमध्ये माणशी २०० ते ४०० कोरुना ठीक. युरोची नाणी देऊ नका, गाइडला ती बदलून मिळत नाहीत. रस्त्यावर पैसे बदलून देणाऱ्याकडे फिरकू नका. चलनातून गेलेल्या परक्या नोटा हातात पडतात. परवानाधारक दुकानात वाईट दर लागला तर पावती दाखवून तीन तासांच्या आत, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. अॅमस्टरडॅममध्ये मध्यवर्ती भागातल्या गटाला १५ जणांची मर्यादा आहे आणि रेड लाइट भागातल्या गल्ल्यांत टूर नेण्यावर २०२० पासून बंदी आहे. तिथे नेतो म्हणणाऱ्या टूरला जाऊ नका. व्हेनिसमध्ये २०२४ पासून गट २५ चा आणि लाउडस्पीकरला मनाई.

टूर संपल्यावर

बेबेलप्लाट्झवर जमिनीत काच बसवलेली आहे आणि खाली रिकामी पुस्तकांची कपाटं. १० मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी इथे पुस्तकं जाळली. समोर रस्त्यापलीकडे हुम्बोल्ट विद्यापीठ. इरावती कर्वे यांनी डॉक्टरेट केली ती याच विद्यापीठात, त्या जाळपोळीच्या तीनच वर्षं आधी. हे कुठलाही गाइड सांगणार नाही, तेव्हा दोन मिनिटं तिथे थांबा.

मग खर्च न करता दिवस भरतो. भिंतीच्या तुकड्याला लागूनच असलेलं ‘टोपोग्राफी ऑफ टेरर’ हे नाझींच्या दहशतीवरचं प्रदर्शन विनामूल्य आहे. स्मारकाखालचं माहिती केंद्रही विनामूल्य, पण सोमवारी बंद. संसदेच्या, म्हणजे राइशटागच्या काचेच्या घुमटावर जायलाही पैसे पडत नाहीत. मात्र त्याची ऑनलाइन नोंदणी आधी करावी लागते आणि उन्हाळ्यात जागा लवकर भरतात. तेव्हा वॉकिंग टूरच्याही आधी ती करून टाका, संध्याकाळची वेळ घ्या आणि पासपोर्ट सोबत ठेवा. दारावर तो बघतात.