द्राक्षाचा कंटेनर न्हावाशेवाहून युरोपला पाठवायचाय? मग हे बघून ठेवा

पहिलं काम आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, तो डीजीएफटीच्या (केंद्राचं परकीय व्यापार खातं) साइटवर घरबसल्या निघतो, सरकारी फी 500 रुपये, त्यासाठी एजंटला हजारो मोजू नका. मग अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं रजिस्ट्रेशन. बागेची नोंद ग्रेपनेटवर (अपेडाची द्राक्ष निर्यातीची ऑनलाइन नोंदणी) लागते आणि औषधांच्या अंशाची लॅब टेस्ट पास व्हावी लागते, ते आधीच बघा, काढणीच्या तोंडावर धावपळ करून काही होत नाही.

विमानाचं भाडं द्राक्षाला परवडत नाही, त्यामुळे बोटच. 40 फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर बुक करा. आता हे नीट लक्षात घ्या, रीफर गरम माल गार करत बसत नाही, तो गार माल गार ठेवतो, म्हणून प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल गार करणं, पूर्ण झाल्याशिवाय भरायचंच नाही, सेटिंग शून्य डिग्रीच्या आसपास, आणि पेटीत ग्रेप गार्ड (बुरशी रोखणारा गंधकाच्या वायूचा पॅड) नसेल तर रॉटरडॅमला बुरशीच उतरणार.

शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद), फायटो (पिकाला रोग-कीड नसल्याचा दाखला) वगैरे सीएचए, म्हणजे कस्टमचा एजंट बघतो. बिल ऑफ लेडिंगचा (माल बोटीवर चढल्याची शिपिंग कंपनीची पावती) ड्राफ्ट मात्र स्वतः वाचा, मालाचा ताबा त्याच कागदावर मिळतो, पेमेंटची खात्री झाल्याशिवाय ओरिजिनल हातातून सोडू नका राव. भाव एफओबी की सीआयएफ तेही आधीच ठरवा, एफओबीमध्ये माल बोटीवर चढेपर्यंतचाच खर्च तुमचा, सीआयएफमध्ये बोटीचं भाडं आणि विमाही तुमच्या खिशातून जातो.

बुकिंग करतानाच रूट विचारा. 2023 च्या शेवटी लाल समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा बऱ्याच शिपिंग कंपन्या सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, दोनेक आठवडे जास्त, आणि तेवढी टिकणारी द्राक्षं प्रत्येक बागेत नसतात.