ऐकू कमी येणाऱ्या रुग्णाची तपासणी : परिचारिकांसाठी

वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील गोंगाटाच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेले रुग्ण वॉर्डमध्ये दाखल होतात, तेव्हा केस पेपरवर रक्तदाब आणि साखर लगेच लिहिली जाते, पण कानांविषयी अनेकदा एक ओळही नसते.

"ऐकू येतं ना?" असे रुग्णाला कधीही विचारू नये. कमी ऐकणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून "हो" म्हणायला सरावलेला असतो आणि त्या होकारावर विसंबून आपण ॲलर्जी नाही, पोट रिकामे आहे, संमती समजली, असे सगळे लिहून मोकळे होतो. त्याऐवजी "काका, रात्री काय जेवलात आणि किती वाजता?" असे विचारावे. उत्तर भलतेच आले, तर स्मृतिभ्रंशाची शंका घेण्याआधी कान तपासावेत.

बोलण्यापूर्वी टीव्ही बंद करावा, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल असे समोर बसावे आणि संसर्गाचा धोका नसेल तर मास्क काढावा. ओरडू मात्र नये. वयोमानाने उंच पट्टीचे ध्वनी आधी हरवतात. ओरडल्याने स्वर मोठे होतात, पण 'स', 'श', 'फ' ही व्यंजने पुसटच राहतात. कानाचे मशीन असल्यास बॅटरी चालू आहे का आणि नळीत मळ अडकला आहे का, हे आपणच पाहावे.

कुजबूज चाचणीला कोणतेही उपकरण लागत नाही. रुग्णाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, जो तपासायचा नाही त्या कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चा त्याला बोटाने दाबून हळूहळू चोळायला सांगावे, आपण श्वास पूर्ण सोडावा आणि "पाच-म-दोन" असे तीन वर्ण-अंक कुजबुजावेत. चुकल्यास वेगळा संच घ्यावा. दोन्ही संच मिळून सहापैकी निदान तीन बरोबर यायला हवेत. दोन्ही कान स्वतंत्रपणे तपासावेत.

त्रास कधीपासून आहे, एका कानाला की दोन्ही, कानात आवाज, चक्कर किंवा स्राव आहे का, हे विचारावे. दिवसाचे 8 तास 85 डेसिबलच्या वर आवाजात काम केले असल्यास तेही लिहावे. जेंटामायसिन, अमिकासिन (प्रतिजैविके) आणि सिस्प्लॅटिन (कर्करोगावरील औषध) यांची नोंद विशेष महत्त्वाची आहे, कारण या औषधांनी गेलेले ऐकणे बहुधा परत येत नाही. बहिरेपणा 72 तासांच्या आत अचानक आला असेल, तर मळ समजून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना कळवावे.

केस पेपरवर नुसते 'श्रवणदोष' न लिहिता "डावा कान बरा, त्या बाजूने बोलावे, मशीन उशाजवळच्या डबीत" असे लिहावे, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला अंधारात इंजेक्शन देण्यापूर्वी कोणत्या बाजूने हाक मारायची ते कळेल.