एकरूप की समरूप? भूमितीतील या चुका टाळा
दहावीच्या उत्तरपत्रिकांत ‘कोकोको कसोटीनुसार त्रिकोण एकरूप आहेत’ हे वाक्य दरवर्षी भेटते. एकरूप म्हणजे आकार आणि माप दोन्ही सारखे, समरूप म्हणजे फक्त आकार सारखा. कोकोको म्हणजे कोन-कोन-कोन; तिन्ही कोनांवरून त्रिकोणाचा आकार ठरतो, माप ठरत नाही. म्हणून कोकोको ही समरूपतेची कसोटी आहे, आणि एकरूपतेसाठी निदान एक संगत भुजा (समान कोनांसमोरची) समान असल्याचे दाखवावेच लागते.

यातला ‘संगत’ हा शब्द गाळण्याची चूक मला सर्वांत गंभीर वाटते. एकदा एका हुशार विद्यार्थ्याने वर्गात ठामपणे मांडले की दोन त्रिकोणांच्या सहा घटकांपैकी (तीन भुजा, तीन कोन) पाच समान असतील, तर ते त्रिकोण एकरूप असलेच पाहिजेत, आणि सगळा वर्ग त्याच्या बाजूने झाला. मी 8, 12, 18 सेमी आणि 12, 18, 27 सेमी भुजांचे दोन त्रिकोण पुठ्ठ्यातून कापायला लावले. भुजांचे गुणोत्तर 2 : 3 असल्याने तिन्ही कोन समान आहेत, शिवाय 12 आणि 18 या लांबीच्या भुजा दोन्हींत आहेत, तरीही दुसरा त्रिकोण उघडच मोठा निघाला. पहिल्या त्रिकोणातील 12 सेमीची भुजा मधल्या कोनासमोर येते, तर दुसऱ्यातील सर्वांत लहान कोनासमोर. म्हणूनच मी दोन्ही त्रिकोणांच्या भुजा आधी चढत्या क्रमाने लिहितो आणि मगच जोड्या लावतो.

शिरोबिंदूंचा क्रम चुकणे ही याच चुकीची दुसरी बाजू आहे. त्रिकोण कखगमध्ये कोन ख काटकोन आहे, कख = 6, खग = 8, कग = 10 आणि खघ हा कर्णावरील लंब आहे, असे समजा. येथे △कखग ~ △कघख असे लिहायला हवे. घाईत △कखग ~ △कखघ लिहिले की गुणोत्तर 1 येते आणि लंबाची लांबी 8 निघते. त्रिकोण कखघचा कर्णच 6 आहे, मग त्याची एक भुजा 8 कशी असेल, एवढे विचारायलाही ही मुले थांबत नाहीत, कारण कसोट्यांची नावे पाठ झाली म्हणजे धडा संपला असे त्यांना शिकवलेले असते. खरे उत्तर 4.8 आहे. आकृतीत समान कोनांवर एकसारख्या खुणा केल्याशिवाय समरूपतेचे विधान लिहू नये.

समरूप त्रिकोणांच्या भुजांचे गुणोत्तर 3 : 5 असेल, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर 9 : 25 येते.

दोन भुजा आणि त्यांमध्ये समाविष्ट नसलेला कोन समान असणे ही एकरूपतेची कसोटी नाही. काटकोन त्रिकोणातील कर्णभुजा कसोटी (कर्ण आणि एक भुजा समान) वेगळी आहे.

चौकोनांत केवळ समान कोनांवरून समरूपता ठरत नाही: चौरस आणि लांबट आयत यांचे सर्व कोन काटकोनच असतात.