बायबलच्या पातळ पानावर रंग मागे उमटतो, पान सुरकुततं? माझा अनुभव

मी जळगावची. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्राच्या समासात पाण्याकाठचं झाड काढायचं होतं, पण रंग मागच्या पानावर उमटायचा आणि पान पापडासारखं वाकायचं. स्केचपेन झाले, वॉटरकलर झाले, फेविकॉल पातळ करून अस्तर दिलं तर पानंच एकमेकांना चिकटली. देवाच्या वचनाचं पान खराब झालं म्हणून खरंच रडायला आलं.

कारण ओलावा आहे, बायबलचा कागद इतका पातळ असतो की पाणी लागलं की फुगतो आणि वाळताना आकसतो, म्हणून सगळं कोरडंच करायचं.

आधी पानाखाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा सरकवा. झाडासाठी पिंपळाचं पान पेपरात दाबून पूर्ण वाळवलेलं असू द्या (ओलं असलं तर डाग पडतो), ते पुठ्ठ्यावर शिरा वर येतील असं ठेवा, वरून बायबलचं पान एका हाताने घट्ट धरा. आता हिरवी रंगीत पेन्सिल आडवी धरून अगदी हलक्या हाताने घासा, शिरा आपोआप उमटतात, कागद पातळ आहे त्याचा इथे उलट फायदाच होतो. आकाशासाठी निळ्या पेन्सिलीचं शिस ब्लेडने खरवडून ती पूड कापसाने चोळा, अक्षरं झाकली जात नाहीत. वचन वेगळ्या कागदावर लिहून त्याच्या फक्त एका कडेला ग्लूस्टिक लावून तो पानावर चिकटवा, वर जाड पुस्तक ठेवा रात्रभर.

मे महिन्यात पंखा बंद करूनच करा, पूड उडते. माझी 3 पानं झाली, मागची अक्षरं स्वच्छ वाचता येतात.