हडप्पाची मुद्रा मुलांच्या हाती देण्याआधी

मुलांकडून हडप्पा संस्कृतीतली मुद्रा, म्हणजे मातीवर ठसा उमटवायचा कोरीव शिक्का, करून घ्यायची असेल तर शाडू चार दिवस आधी भिजत घाला. ऐनवेळी पाणी ओतून मळलेल्या मातीत गाठी राहतात, ठसा अर्धवट उमटतो आणि सहा-सात वर्षांचं मूल हिरमुसून बसतं. भिजलेली माती कणकेसारखी मळा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा.

कोरायला अंगाचा साबण घ्या. हडप्पाचे कारागीर मुद्रा कोरायचे तो दगड म्हणजे संगजिरे, तोही असाच मऊ. कोरून झाला की भाजून टणक करायचे. साबणाची वडी मात्र नुकतीच वेष्टनातून काढलेली हवी, आठवडाभर उघडी पडलेली कोरताना फुटते. प्रत्येक वडीचे चौकोनी तुकडे तुम्हीच करून ठेवा, सुरी मुलांसमोर आणूच नका. खऱ्या मुद्रा बहुतेक दोन-तीन सेंटिमीटरच्या असत, लहान बोटांसाठी चार सेंटिमीटर बरे. कोरायला संपलेल्या रिफिली आणि टूथपिक पुरतात. मुद्रेच्या पाठीला दोरा ओवायला भोकाचा उंचवटा असे. आपण कडेला दाभणाने आरपार भोक पाडून ठेवायचं.

बटर पेपर आणि छोटा आरसा विसरू नका. मुद्रेवर उलटं कोरावं तेव्हा ठशात सुलटं येतं, हे सांगून कळत नाही, आरशात दाखवावं लागतं. मुलाने बटर पेपरवर बैल काढायचा, कागद पालथा करायचा आणि तसा कोरायचा. बैल, हत्ती, गेंडा आणि सगळ्यात जास्त वेळा आढळणारा एकशिंगी प्राणी, अशी चार चित्रं मोठी छापून भिंतीवर लावा. ‘हडप्पा लिपीत तुमचं नाव’ असले तक्ते मात्र नकोत. ती लिपी अजून कुणालाही वाचता आलेली नाही. चिन्हं बघून काढू द्या आणि हे खरं तसंच सांगा. मुलांना ते फार आवडतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सामान : जुन्या धोतराचे किंवा गोणपाटाचे तुकडे, मूठभर तांदूळ आणि सुतळी. प्रत्येक मुलासाठी एक छोटं गाठोडं बांधून ठेवा. मुद्रा भिंतीवर टांगायची वस्तू नव्हती, ती व्यापाऱ्याच्या कामाची होती. गुजरातेत लोथल या हडप्पाकालीन गावाच्या वखारीत मातीचे ठसे सापडले, त्यांच्या पाठीवर कापडाच्या विणीच्या आणि दोऱ्याच्या खुणा आहेत, म्हणजे ते मालाच्या बांधलेल्या गाठोड्यांवर उमटवलेले होते. म्हणून गाठीवर लिंबाएवढी माती थापायची, मुद्रेला टाल्कम पावडर लावायची (नाहीतर साबण मातीला चिकटतो) आणि सरळ दाबून सरळ उचलायची. माती दोन दिवस सावलीत वाळली की सुतळी कापून ती अलगद सोडवा, पालथी करा. मागे सुतळीचा पीळ न् पीळ दिसतो. एका मुलीने तो नखाने चाचपून विचारलं होतं, “म्हणजे कुणी गाठ सोडली तर कळणार?” हा प्रश्न त्यांच्याकडूनच यावा म्हणून वाट बघा, आधी सांगून टाकू नका.

वेळ उरला तर विटा करा. पुठ्ठ्याचा साचा दोन, चार, आठ सेंटिमीटरचा, कारण हडप्पाच्या विटांची जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात असायची.

बैलगाडी करायची असेल तर चाकांची भोकं माती ओली असतानाच पाडा, आणि आसाच्या काडीपेक्षा थोडी मोठी. वाळताना माती आकसते. खराट्याच्या काड्या आसाला छान. त्या काळची मुलंही मातीच्या गाड्यांशी खेळायची. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या कांस्याच्या बैलगाडीचा फोटो जवळ ठेवा : दोन बैल, मागे उभा माणूस, भरीव चाकं. आपल्या मुलांना हे गाव नकाशात बोट ठेवून दाखवता येतं.

हात धुवायला बादली वर्गातच ठेवा, बेसिनमध्ये शाडू जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी झाडांना घाला, खालची माती पुढच्या वेळेसाठी डब्यात परत.